वन्संच्या पायाखालचा ब्रेक

दिवसाची कामं उरकली की वहीत चार ओळी लिहायच्या आणि शेवटची ओळ देवाच्या आभाराची, हा माझा रोजचा नेम. आज चार ओळींत काही मावायचं नाही. कणी घरी आली आहे. पलीकडच्या खोलीत झोपली आहे, आणि तिची आई तिच्याशेजारी पाय अजिबात न हलवता बसली आहे. या दुसऱ्या गोष्टीचं नवल कळायला हवं असेल तर वन्संची हकीकत मुळापासून सांगायला हवी.

वन्सं म्हणजे माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून लहान, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला अगं-तुगं. आमचं तसंच जमून गेलंय. वन्सं लोकांना गाडी चालवायला शिकवतात. त्यांची छोटी पांढरी गाडी आहे, छतावर शाळेची पाटी आणि पुढेमागे शिकाऊची लाल खूण. त्या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक शेजारी बसलेल्या वन्संच्या पायाशी. समोरच्याने घोटाळा केला की वन्सं आपला ब्रेक दाबतात आणि गाडी जागच्या जागी थांबते.

इतकी वर्षं त्या ब्रेकवर राहून राहून वन्संच्या उजव्या पायाला सवयच जडली. त्या कुठेही बसल्या तरी पाय आपला दाबतोच. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत. मी घाईघाईने चहा ओतायला लागले की टेबलाखाली त्यांचा पाय दबतो. आमचे हे म्हणतात, "हिच्यापुढे थाप मारायची सोय नाही. पहिल्याच वाक्याला ब्रेक लागतो."

शिकवताना त्यांची दोन वाक्यं ठरलेली. एक, "काट्याकडे नको, रस्त्याकडे बघा." नवशिक्याला वेगाच्या काट्याची भारी भीती. त्याची नजर तिथेच चिकटून राहते आणि समोरची सायकल दिसत नाही. दुसरं, "चेंडू दिसला की ब्रेक. चेंडूमागे मूल असतंच." मूल दिसायची वाट बघायची नाही, चेंडू दिसला की समजून घ्यायचं. ही दोन्ही वाक्यं मी स्वतः त्यांच्याकडून भरपूर ऐकली, कारण मीही शिकायला बसले होते. आमच्या फाटकाचा खांब अजून माझी आठवण काढतो. तेव्हापासून मी मागच्या सीटची सवारी.

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी वन्संना मूल नव्हतं. लोकांनी विचारायचं सोडलं, आम्ही बोलायचं सोडलं, मी मात्र देवाला सांगायचं सोडलं नव्हतं. आणि चाळिशीला टेकल्यावर त्यांना दिवस गेले. आमच्या नंदोयांना, म्हणजे वन्संच्या नवऱ्याला, ही बातमी लिफ्टच्या खड्ड्यात असताना कळली. ते लिफ्ट दुरुस्त करतात. फोनवर ऐकलं आणि तसेच खड्ड्यात बसून राहिले. वरून साहेब हाका मारताहेत, नंदोई हसताहेत.

वन्संनी शिकवणं थांबवलं नाही. पट्टा पोटाखालून बांधायचा आणि बसायचं. सातवा महिना निम्मा झाला होता. त्या दिवशी मी मागे बसले होते, भाजीच्या पिशव्या मांडीवर घेऊन, कारण शिकवणी बाजारावरूनच जायची. चालवायला होते सेकंड गियरवाले काका.

काकांचं हे नाव वन्संनीच ठेवलेलं. आयुष्यभर टपाल कचेरीच्या खिडकीत बसून शिक्के मारले, निवृत्त झाल्यावर बायकोला फिरवायची हौस म्हणून शिकायला आले. माणूस देवमाणूस, पण दुसऱ्या गियरच्या पुढे जायचे नाहीत. म्हणायचे, तिसऱ्यात गाडी आपली राहत नाही हो मॅडम, ती तिची होते. परीक्षेची तारीख दोनदा पुढे ढकललेली.

वन्सं गाडीत सतत बोलतात. म्हणून त्या गप्प झाल्या तेव्हा मी पिशव्यांवरून मान वर काढली. त्यांचा हात दारावरच्या दांडीला आवळलेला होता, बोटं पांढरी पडली होती.

"काका," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आज आपण हॉस्पिटलला जाऊ."

"पण मॅडम, आज चौकातून वळायचं शिकायचं होतं."

"हॉस्पिटलच्या आधी चौक आहेच."

मी पुढे वाकले तर सीट ओली. मी रुग्णवाहिका बोलावते म्हटलं, तर म्हणाल्या, ती येईपर्यंत आपण पोचलेलो असू. आणि मग मागे न बघताच म्हणाल्या, "वहिनी, तू देवाचं नाव घ्यायला लाग. पण मनात. मोठ्याने घेतलंस तर काका बिचकतील."

मी डोळे मिटून सुरू केलं, पण मिटलेले राहतात कुठले? रस्ता गाड्यांनी भरलेला, कडेला थांबायला जागा नाही, मागून भोंगे आणि आमचे काका दुसऱ्या गियरमध्ये. गाडी नुसती घुरघुरतेय. वन्सं कळ आली की दम धरायच्या, कळ गेली की शिकवायच्या. आरसा. इंडिकेटर. आता वळवा, चाक सोडू नका. मधेच, काका, तिसरा टाका ना. काका घामाघूम झालेले, म्हणे मॅडम आजच्या दिवस नको, आज गाडीत जोखीम आहे. सिग्नलला गाडी बंद पडली तेव्हा मी देवाला चांगलंच सुनावलं. पण पुन्हा सुरू झाली, आणि काकांनी ती थेट रुग्णवाहिकेच्या राखीव जागेत नेऊन दोन पिवळ्या रेषांच्या बरोबर मध्ये उभी केली. वन्संना स्ट्रेचरवर घेत होते तेव्हाही त्यांनी मान वळवली.

"पार्किंग छान. उतरताना आरसा बघितला नाहीत."

काका बिचारे तिथेच पायरीवर बसले आणि रडायला लागले. मी त्यांना पिशवीतलं एक सफरचंद दिलं, दुसरं काही सुचेना.

दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिलाएवढं. वन्संना धड दिसलीही नाही, लगेच तिला अतिदक्षता विभागात नेलं. तिथे फक्त नवजात बाळं ठेवतात, वेळेआधी आलेली. नंदोई कामावरून धावत आले ते कोपरापर्यंत ग्रीस घेऊन. दारातल्या सिस्टरने त्यांना बेसिन दाखवलं. हात कोपरापर्यंत धुवायचे, अंगठी काढायची, घड्याळ काढायचं. त्यांनी धुतले, ती म्हणाली पुन्हा, परत धुतले, ती म्हणाली पुन्हा. आयुष्यभराचं ग्रीस त्या दिवशी त्या बेसिनमध्ये गेलं.

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. काचेच्या पेटीत गोल छिद्रं, त्यातून हात घालायचा. आत ती. साखरेच्या पुड्यापेक्षा थोडी जड. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा नदीच्या नकाशासारख्या दिसत होत्या. नाकात नळ्या, तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, पावलाला गुंडाळलेली पट्टी आणि पट्टीत लुकलुकणारा लाल दिवा. नंदोयांची अंगठी तिच्या कोपरापर्यंत सहज गेली असती. मी म्हटलं, ही तर तांदळातली कणी. तेच नाव पडलं.

आणि मला भीती वाटायच्या ऐवजी काय वाटलं सांगू? भयंकर उत्साह. कारण कणीने माझं बोट धरलं. नखाएवढा तळवा, पण पकड अशी की मी हात मागे घेईना. मी मनात म्हटलं, देवा, तू हिला घाईने पाठवलीस खरी, पण हिच्या हातात जोर देऊन पाठवलीस.

तिथली सिस्टर वन्संना बघून थबकली. उंच, काटकुळी, केस टोपीत घट्ट.

"मॅडम, ओळखलंत? तुमचा डावा आरसा मी तोडला होता."

वन्संनी चाकाच्या खुर्चीतून तिला निरखलं. मला नंतर कळलं की शिकायला आलेल्या या मुलीला त्यांनी पहिल्याच दिवशी रडवलं होतं. सारखी काट्याकडे बघायची, म्हणून वन्संनी काट्यावर कागद चिकटवला आणि तशीच गाडी चालवायला लावली.

"आरसा नवा बसवला," वन्सं म्हणाल्या. "आता माझी मुलगी तुझ्या हातात आहे. फिट्टंफाट."

मग सुरू झाले ते दिवस, ज्यांत रोज काहीतरी घडायचं आणि आम्ही घरी बसून फोनची वाट बघायचो. आज एक नळी निघाली. आज दूध थेंबभर वाढवलं. आज तिने जांभई दिली. जांभईची बातमी आमच्या ह्यांनी कामावरच्या सगळ्यांना सांगितली, जणू हिने शर्यत जिंकली. एकदा डॉक्टरबाई म्हणाल्या की कणीला कॉफीतलं औषध सुरू केलंय. वेळेआधी आलेली बाळं झोपेत श्वास घ्यायचंच विसरतात, त्यांना श्वासाची आठवण राहावी म्हणून ते देतात. नंदोई म्हणाले, आमच्या घरी पोरीने आईच्या दुधाच्या आधी कॉफीची चव घेतली, आता हिला कामावरच घेतो. मी हसले आणि मग पहाटेच्या प्रार्थनेत श्वासाचंच मागणं मागितलं. हिला विसरू देऊ नकोस रे. एवढी साधी गोष्ट, आम्ही सगळे न सांगता करतो, तीच तेवढी हिला शिकव.

कणी विसरली की काय व्हायचं ते मी पाहिलं आहे. पेटीच्या वर एक पडदा होता, त्यावर आकडे. ठोक्यांचा एक, श्वासाचा एक, आणि रक्तातल्या प्राणवायूचा एक निळा. कणी विसरली की निळा आकडा घसरायचा आणि यंत्र ओरडायचं. सिस्टर शांतपणे छिद्रातून हात घालायची आणि तळपायाला टिचकी मारायची. कणी दचकायची, श्वास घ्यायची, आकडा वर. एवढंच. टिचकी आणि आठवण.

पण त्या यंत्राने वन्संना पुरतं बांधून टाकलं. त्या रोज सकाळी जाऊन बसायच्या त्या पडद्यासमोर. पेटीसमोर नव्हे, पडद्यासमोर. निळा आकडा एकाने उतरला की उजवा पाय फरशीवर दाबायच्या. वाढला की सोडायच्या. सिस्टर म्हणाली, अशाने फरशी झिजेल मॅडम. कणीला पहिल्यांदा छातीशी दिलं, उघड्या अंगाला उघडं अंग, वर पांघरूण, तेव्हा मी खुर्चीशेजारी उभी होते. बेडकासारखी पाय दुमडून ती आईच्या छातीवर झोपली. मला वाटलं आता वन्संचं सगळं भान तिच्याकडे जाईल. तर यांची मान खांद्यावरून मागे वळलेली, पडद्याकडे. मुलगी छातीवर, डोळे यंत्रावर, आणि पाय दाबतोय.

मला तरी कुठे शहाणपण होतं? वन्सं फोनवर आकडा सांगायच्या आणि मी तोच घेऊन देवासमोर बसायची. देवा, ब्याण्णवचे पंचाण्णव कर. जणू देवाकडेही तसलाच पडदा आहे. एकदा तर मी सत्त्याण्णवसाठी आभार मानले आणि मुलीचं नावच घ्यायला विसरले.

दिवस सरकत गेले, कणी पेटीतून उघड्या पाळण्यात आली. नाकातल्या नळ्या गेल्या, कॉफी बंद झाली, आणि तरीही श्वास घ्यायला विसरेना. बाटलीने दूध प्यायला लागली. डॉक्टरबाई म्हणाल्या की आता घरी जायची तयारी करा. आम्ही घर धुवून काढलं. ह्यांनी खिडकीच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आवाज नको म्हणून. आणि वन्सं डॉक्टरबाईंना म्हणाल्या की यंत्र कुठे मिळेल ते सांगा.

कसलं यंत्र, बाई म्हणाल्या.

हेच. पडदावालं. घरी लावायला.

डॉक्टरबाईंनी समजावलं की हिला आता त्याची गरज नाही, घरी नेऊन लावलं तर पट्टी सरकली तरी ओरडेल आणि कोणालाच झोप नाही मिळणार. वन्संनी ऐकलं, मान डोलावली आणि बाहेर येऊन नंदोयांना सांगितलं की भाड्याने मिळतं का बघा. नंदोई पडले यंत्राचा माणूस. त्यांनी एक दुकान शोधलंही. मी म्हटलं, वन्सं, सगळी बाळं यंत्राशिवायच घरी जातात. तर म्हणाल्या, "वहिनी, सगळी बाळं श्वास घ्यायला विसरत नाहीत. यंत्राशिवाय मी हिला इथून हलवणार नाही."

आणि त्यांचा शब्द म्हणजे शब्द. पण तिथलाही एक नियम होता. घरी सोडायच्या आधी आईने बाळासोबत वॉर्डाच्या टोकाला असलेल्या एका खोलीत राहायचं. पाळणा, पलंग, खुर्ची. यंत्र नाही, पडदा नाही. सिस्टर मधूनमधून डोकावणार, बाकी सगळं आईने बघायचं. आईला जमलं तर घरी. आईच म्हणाली की जमत नाही, तर बाळ वॉर्डात. तेव्हा सगळं वन्संच्या हो-नाहीवर आलं. कणी तयार होती. आई नव्हती. आणि वन्संनी दोन दिवस त्या खोलीत जायचं टाळलं. आज अंगात कणकण आहे, आज नको.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो प्रकार झाला. मी वन्संसाठी जेवणाचा डबा घेऊन गेले होते. कणी पाळण्यात, वन्सं तिच्याशेजारी, डोळे अर्थातच पडद्यावर. एकदम यंत्र किंचाळायला लागलं. निळा आकडा नव्वद, सत्तर, पन्नास, मग नुसत्या रेघा. वन्सं उठल्याच नाहीत. खुर्चीत ताठ, उजवा पाय फरशीवर असा रोवलेला की पोटरी थरथरत होती. मी डबा छातीशी धरून देव, देव एवढंच म्हणत होते.

सिस्टर आली. तिने पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाळण्यात बघितलं, मग वन्संच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हळूच वळवलं.

"मॅडम. काट्याकडे नको. रस्त्याकडे बघा."

आम्ही दोघींनी बघितलं. कणी गुलाबी. ओठ गुलाबी, नखं गुलाबी. पोट वर-खाली होतंय झकास. आणि एक पाय हवेत, पट्टी लाथाडून टाकलेली, लाल दिवा चादरीवर एकटाच लुकलुकतोय. अंगात आलेली ताकद दाखवत होती पोरगी.

वन्सं बघत राहिल्या. मग त्यांना हसू फुटलं. असं हसू की सिस्टरलाही आवरेना, शेजारच्या पाळण्यातलं बाळ कुरकुरायला लागलं, आणि मी दोघींना गप्प करता करता स्वतःच हसायला लागले. वन्सं डोळे पुसत म्हणाल्या, काय गं, माझंच वाक्य मलाच? सिस्टर म्हणाली की काट्यावर कागद चिकटवलेला आठवतो ना मॅडम, मी त्या दिवशी घरी जाऊन आईला तुमच्या नावाने शिव्या दिल्या होत्या. आणि तिने तो पडदा भिंतीकडे फिरवून टाकला. म्हणाली, मला माझ्या टेबलावर सगळं दिसतं, तुम्हाला दिसायची गरज नाही.

वन्सं आपण होऊन म्हणाल्या, उद्या खोली दे.

त्या खोलीत सोबतीला एक जण चालत होतं. नंदोई म्हणाले मी येतो, वन्सं म्हणाल्या तुम्ही भिंतीत यंत्र शोधत बसाल, वहिनीला येऊ दे. म्हणून मी काल तिथे होते. खिडकीतून ऊन, पिवळा पडदा, पाळणा. वन्संनी खुर्ची अशी लावली की पाळण्याशिवाय दुसरं काही दिसूच नये. आणि बघायला लागल्या. मी त्यांना गाडीत बघितलं आहे, समोरच्या रस्त्यावर कशी नजर असते ते. तशीच. मांजर उंदराकडे बघतं तशी नव्हे. मोकळी, सगळीकडे पोचणारी. आणि बोलायला लागल्या. आत्ता श्वास खोल आहे. आत्ता लांबवतेय, हा, घेतला. स्वप्न बघतेय, बघ डोळे फिरताहेत. कपाळ छान आहे. किती दिवस मुलगी समोर होती, आणि तिच्या डाव्या कानाच्या पाळीवर तीळ आहे हे त्यांना काल कळलं. मला बोलावून दाखवला. मग सिस्टरला बोलावून दाखवला.

दुपारच्या दुधाला खरी परीक्षा होती. कणीला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एकदम करायची असतात, आणि दूध भरभर आलं की ती श्वासाचं काम राहू देते. वन्संनी तिला कुशीवर धरलं, बाटली आडवी. मी खिडकीशी उभी, मनात जप. कणी प्यायला लागली, मचामचा, अगदी आवडीने. मला वाटलं, चाललंय सुरेख.

आणि वन्संनी बाटली खाली केली.

मी विचारलं काय झालं. मला तर काहीच दिसलं नव्हतं. गाल गुलाबीच होते. वन्संनी नजर हलवली नाही, पण मला दाखवलं. कणीच्या भुवया वर गेल्या होत्या आणि हाताची बोटं पंख्यासारखी फाकली होती. बस, तेवढंच. मग कणीने एक मोठा श्वास घेतला, आणखी एक, बोटं मिटली, भुवया खाली आल्या. वन्संनी बाटली पुन्हा वर केली.

"चेंडू," त्या म्हणाल्या. "मूल अजून रस्त्यावर यायचंय."

मला ओरडून सगळ्या वॉर्डाला सांगावंसं वाटलं. पूर्ण बाटली संपेपर्यंत असं चार-पाच वेळा झालं. दरवेळी वन्संनी आधी पाहिलं. एकदाही कणीचे ओठ काळवंडले नाहीत, एकदाही ठसका नाही. सिस्टर दारातून बघत होती, मला माहीतच नव्हतं. बाटली रिकामी झाल्यावर ती आत आली आणि म्हणाली, "मॅडम, पास."

वन्सं म्हणाल्या, लायसन्स कुठाय. सिस्टरने त्यांच्या हातात कणीची लोकरी टोपी दिली.

मग मी खाली बघितलं. वन्संचे दोन्ही पाय फरशीवर नुसते टेकलेले होते. चप्पलसुद्धा निघालेली.

यंत्रवाल्या दुकानाला नंदोयांनी काल संध्याकाळी नको म्हणून कळवलं. आणि आज घरी यायचं होतं. आता गाडी कोण चालवणार, यावरून पुन्हा गोंधळ. नंदोई स्वतःच म्हणाले की मी लिफ्ट वरखाली करीन, आडवी गाडी आज नको. आमचे हे कामावर. वन्संना अजून चालवायची परवानगी नाही. वन्सं म्हणाल्या, काकांना फोन लाव.

सेकंड गियरवाले काका फोनजवळच बसले असावेत. मधल्या काळात ते परीक्षा पास झाले होते, पण आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडमशिवाय कसलं पास होणं, म्हणे. इस्त्रीचा शर्ट घालून, शाळेचीच पांढरी गाडी घेऊन आले. पुन्हा त्याच राखीव जागेत लावत होते, तर रखवालदाराने हाकललं. सिस्टर खाली सोडायला आली. तिने गाडीचा डावा आरसा हाताने चाचपून बघितला आणि मग वन्संना मिठी मारली.

बसायचं कसं? मागे बाळाची खुर्ची पट्ट्याने बांधलेली, तिच्याशेजारी वन्सं, पलीकडे नंदोई. म्हणजे पुढे मी. वन्संच्या जागी. माझ्या पायाशी तो दुसरा ब्रेक. मी पाय सीटखाली इतके मागे ओढून घेतले की गुडघे दुखायला लागले. काकांनी बजावलं, वहिनी, त्याला हात नका लावू, म्हणजे पाय नका लावू. मी म्हटलं, काका, मला फाटकाचा खांब आठवतोय, तुम्ही निर्धास्त राहा.

निघालो. दुसऱ्या गियरमध्ये. तोच रस्ता, पण आज मोकळा आणि ऊन कोवळं. चौक आला, काकांनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला, सुंदर वळवली. मी कोणी शाबासकी देतंय का म्हणून मागच्या सीटची चाहूल घेतली. शाबासकी आली नाही. आजवर या गाडीत वन्सं बसल्या आणि चुकांचा पाढा वाचला नाही, असं कधी झालेलं नव्हतं. मी मान वळवून पाहिलं. त्या कणीकडे बघत होत्या. टोपीखालून कपाळ दिसत होतं, त्याकडे. नंदोई त्यांच्याकडे बघत होते.

समोर लांबलचक सरळ रस्ता लागला. मागून एक भोंगा वाजला. काकांनी घसा साफ केला.

"मॅडम, तिसरा टाकू का?"

माझाच पाय सीटखालून पुढे सरकला, मी तो परत ओढला.

"रस्ता तुम्हाला दिसतोय काका," वन्सं मान वर न करता म्हणाल्या. "तुम्हीच ठरवा."

काकांनी आरसा बघितला. मग दांडा पुढे ढकलला. गाडीची घुरघुर थांबली, ती हलकी झाली आणि पळायला लागली. मी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. या वेळी कोणी बिचकलं नाही.